खापरावरील काळी रेघ

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख व नाणी प्रथम आठवतात. खानापूर तालुक्यातील हलशीचे कदंबांचे ताम्रपट अभ्यासकांस सुपरिचित आहेत. परंतु लेखनकला अवगत होण्यापूर्वीच्या दख्खनचा इतिहास जाणण्यासाठी खापरांकडेच वळावे लागते.

प्रवरेकाठच्या जोर्वे येथे डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली उत्खनन केले. तेथील मृत्पात्रांवरून एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस नाव मिळाले. तांबड्या लेपावर काळ्या रंगातील भौमितिक नक्षी, तोटीची पात्रे आणि टिचकी मारताच खणखणणारी भाजणी ही त्यांची लक्षणे होत. पुढे घोड नदीकाठच्या इनामगाव येथे याच संस्कृतीचे गाव उजेडात आले. तेथे कुंभाराची भट्टीही सापडली.

ही नक्षी काळी कशी झाली, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. त्याच्या उत्तरावर मात्र त्या कुंभाराच्या ज्ञानाचे मोजमाप अवलंबून आहे. काळी रेघ दोन वाटांनी उमटते. मँगनीजयुक्त खनिजाची पूड वापरल्यास भट्टीत हवा खेळती असूनही रंग काळाच राहतो. तेथे कौशल्य खनिजाच्या निवडीत असते. याउलट लोहयुक्त रंग खेळत्या हवेत तांबडा होतो. तो काळा करावयाचा तर हवा कोंडावी लागते आणि नंतर ती पुन्हा सोडून उरलेले भांडे तांबडे करावे लागते. प्राचीन ग्रीक कुंभार हीच रीत वापरीत. तेथे कौशल्य अग्नीच्या नियंत्रणात असते.

डोळ्यांना दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. निवाडा प्रयोगशाळेतच होतो. क्ष-किरणांच्या प्रतिदीप्तीवरून रंगात लोह किती व मँगनीज किती हे कळते. क्ष-किरणांच्या विवर्तनावरून ती मूलद्रव्ये कोणत्या खनिजाच्या रूपात आहेत हे समजते. खनिजे उष्णतेची साक्षही देतात. पिवळी गेरू सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निर्जल होऊन तांबडी होते. म्हणून भाजलेल्या पात्रावर पिवळा रंग टिकलेला आढळल्यास तो भाजणीनंतर दिला गेला, असे अनुमान निघते.

या परीक्षेस मर्यादाही आहेत. मँगनीज आढळले एवढ्यावरून ते कोणत्या खाणीतून आले हे ठरत नाही. गोवा व उत्तर कन्नड या दोन्ही प्रदेशांत त्याची खनिजे आहेत. स्थाननिश्चितीसाठी अल्पांश मूलद्रव्यांची तुलना करावी लागते, आणि खापर कोणत्या थरात मिळाले याची नोंद नसेल तर सर्व श्रम व्यर्थ जातात.

बेळगावनजीकच्या वडगाव-माधवपूर येथे डॉ. अ. सुंदर यांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहत प्रकाशात आली. खानापूर तर मातीकामासाठी ख्यातच आहे. ग्रामीण कुंभारकलेचे शिक्षण देणारी मध्यवर्ती संस्था येथेच स्थापन झाली. अशा भूमीत नांगराच्या फाळास लागलेले खापर शेतकऱ्याने बांधावर फेकण्यापूर्वी, अथवा हौशी संग्राहकाने ते घासून चकचकीत करण्यापूर्वी, एवढे ध्यानी घ्यावे की घासताना निघणारा तो पातळ थर हाच पुरावा असतो. ग्रंथाचे फाटलेले पान पुन्हा छापता येते. खापरावरून पुसलेली रेघ परत मिळत नाही.