सुरतेच्या बाजारातील हात आणि गज

सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. ज्या वैभवामुळे शिवाजी महाराजांची दृष्टी या बंदराकडे वळली, त्यात कापडाच्या व्यापाराचा वाटा मोठा होता. आणि कापड म्हटले की मोजणी आलीच.

मोजण्याचे पहिले साधन म्हणजे मनुष्याचे शरीर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. त्याची अर्धी वीत. परंतु हात कोणाचा धरावा? उंच माणसाचा की ठेंगण्याचा? हा प्रश्न कौटिल्यालाही पडला होता. जवाच्या आठ दाण्यांची रुंदी, किंवा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची रुंदी, म्हणजे एक अंगुळ, असे ‘अर्थशास्त्रा’त सांगितले आहे. अशा १२ अंगुळांची वीत आणि २४ अंगुळांचा हात. पुढे अकबराने ४१ अंगुळांचा ‘इलाही गज’ ठरविला.

सुरतेत इंग्रजांची वखार आली ती जहांगीराच्या अमदानीत. त्यांच्या कागदपत्रांत या मापाला ‘कोव्हिड’ म्हटलेले आढळते. हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्हादो’वरून आला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ कोपर असाच आहे. सातासमुद्रापलीकडचा व्यापारीही कोपरापासूनच मोजत आला होता!

कंपनीच्या सेवेतील वैद्य जॉन फ्रायर याने १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात सुरतेची दोन मापे नोंदविली आहेत: धाकटे २७ इंचांचे आणि थोरले ३६ इंचांचे. हात १८ इंचांचा धरला, तर एक दीड हाताचे आणि दुसरे दोन हातांचे. २७ इंचांचा, २४ तसूंचा गज मुंबई इलाख्यात पुढेही दीर्घकाळ चालला.

आता विणकराने थोरल्या मापाने कापड द्यावे आणि दाम मात्र धाकट्या मापाचे घ्यावे, असा प्रसंग आला तर? शंभर मापांमागे ९०० इंच, म्हणजे पन्नास हात कापड त्याच्या पदरचे जाईल. म्हणूनच सौदा ठरण्यापूर्वी गज कोणता, हे ठरणे अगत्याचे होते.

१९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर गजाची जागा मीटरने घेतली. वीत आणि बोटे बोलण्यात मात्र राहिली: पोट अजून वीतभर आहे, आणि आनंद झाला की स्वर्ग दोन बोटेच उरतो.