संगणकीय तबकडीची जोडणी-पद्धती : दप्तरवाचनाच्या दृष्टीने एक विचार

जुने दप्तर हाती आले म्हणजे अभ्यासकास पहिला प्रश्न पडतो तो मजकुराचा नव्हे, लिपीचा. धाराशिव जिल्ह्यापुरते पाहिले तर या प्रश्नाची गुंतागुंत सहज ध्यानात येते. हा मुलूख इ. स. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यकारभाराची भाषा आरंभी फारसी होती, इ. स. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. गावच्या व्यवहारात मात्र मोडी लिपीतील मराठी नांदत होती. म्हणजे वरच्या कागदांत लिपी सारखी व भाषा निराळी, तर खालच्या कागदांत मोडी आणि बालबोध अशा दोन लिप्या असून भाषा एकच. लिपी ओळखली म्हणजे भाषा ओळखली, असे मानणारा वाचक येथे हटकून फसतो.

हाच विवेक एका अगदी नव्या दप्तरास लावून पाहावा, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून पुष्कळसा मराठी मजकूर कागदाऐवजी संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठू लागला. ही तबकडी संगणकाशी ज्या मार्गाने व ज्या आज्ञांनी बोलते, त्या व्यवस्थेस इंटरफेस किंवा जोडणी-पद्धती म्हणतात. ती ओळखल्यावाचून तबकडीवरील एक अक्षरही हाती लागत नाही.

या पद्धतींचा इतिहास थोडक्यात असा आहे. आय.बी.एम. कंपनीने इ. स. १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या रॅमॅक यंत्रात पन्नास तबकड्या होत्या व सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. घरगुती व कार्यालयीन संगणकांस परवडेल अशी तबकडी इ. स. १९८० मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजी, म्हणजेच पुढील सीगेट, या कंपनीने काढली. एस.टी.-५०६ हे तिचे नाव. तिला ३४ आणि २० तारांच्या दोन पट्ट्या लागत. इ. स. १९८६ मध्ये स्कझी ही पद्धती प्रमाणित झाली. त्याच सुमारास आय.डी.ई. ही पद्धती आली. तीत नियंत्रक मंडल तबकडीवरच बसविलेले असे आणि पट्टी ४० तारांची असे. तिचे प्रमाणित नाव ए.टी.ए.; त्यातील 'ए.टी.' ही अक्षरे आय.बी.एम.च्या इ. स. १९८४ च्या पी.सी.-ए.टी. या संगणकाची आठवण जपून आहेत. इ. स. २००३ पासून साटा तबकड्या प्रचारात आल्या, तर इ. स. २०११ मध्ये एन.व्ही.एम.ई. या पद्धतीची पहिली संहिता प्रसिद्ध झाली.

येथे भाषाभ्यासकास एक मौजेची गोष्ट आढळते. साटा आल्यावर जुन्या ए.टी.ए.ला 'पाटा' हे नवे नाव पडले. धाकट्याच्या जन्माने थोरल्यास विशेषण चिकटले. या दोहोंच्या तारा निराळ्या, परंतु आज्ञांची मूळ भाषा एकच. मोडी व बालबोध यांच्यासारखेच हे नाते आहे. उलट साटा आणि सॅस यांची तोंडे जवळजवळ सारखी दिसतात, पण सॅस ही स्कझीची भाषा बोलते. एम-२ या लहान खाचेत तर साटाही बसते आणि एन.व्ही.एम.ई.ही बसते. एकाच लिपीतील फारसी व उर्दूचा हा नवा अवतार म्हणावा लागेल.

ओळखण्याची रीत दोन पायऱ्यांची आहे. पहिली डोळ्यांची. चाळीस सुयांची दुहेरी रांग दिसली तर पाटा. लॅपटॉपमधील लहान तबकडीवर त्याच ४४ असतात, कारण वीजही तेथूनच जाते. पन्नास, अडुसष्ट किंवा ऐंशी संपर्क असतील तर बहुधा स्कझी. सात संपर्कांची अरुंद व पंधरा संपर्कांची रुंद अशा दोन पट्ट्यांमध्ये मोकळी फट असेल तर साटा. ती फट भरलेली असेल तर सॅस. कोणतेही तोंड बळाने खुपसू नये. वाकलेली सुई म्हणजे फाटलेला कागद.

दुसरी पायरी प्रश्नाची. ए.टी.ए. कुळातील तबकडीस 'ओळख सांग' अशी एक आज्ञा देता येते व ती ५१२ बाइटांचे उत्तर देते. त्या उत्तरात नावाची अक्षरे दोन-दोनांच्या जोडीत उलटलेली असतात. जणू 'नळदुर्ग' हे 'ळनर्गदु' असे लिहावे. पाठ सुलट करणारा वाचक येथेही लागतोच. स्कझी कुळात निराळी आज्ञा हेच काम करते.

मात्र संगणकाने दाखविलेल्या नावावर विसंबून चालत नाही. लिनक्स प्रणालीत पूर्वी आय.डी.ई. तबकडीस 'एच.डी.ए.' आणि स्कझीस 'एस.डी.ए.' म्हणत. इ. स. २००६ नंतर हळूहळू दोघींनाही दुसरेच नाव मिळाले आणि नावातील कुळाची खूण पुसली गेली. यू.एस.बी. पेटीत घातलेली तबकडीही पुष्कळदा बाहेरच्या पेटीचेच नाव सांगते. अशा वेळी पेटी उघडून तोंड पाहणे हाच खात्रीचा उपाय.

जोडणी साधली तरी वाचन संपत नाही. त्या काळचा मराठी मजकूर कधी इ. स. १९९१ च्या इस्की संकेतात, तर कधी एखाद्या विशिष्ट फाँटच्या खासगी संकेतात असतो. त्याचे युनिकोडमध्ये लिप्यंतर करावे लागते. परंतु ती पुढची पायरी होय. पहिलीच चुकली, तर तबकडी 'मृत' ठरते आणि भंगाराच्या वजनाने विकली जाते. तबकडीवर प्रथम काहीही लिहू नये, यंत्राने विचारले तरी 'फॉरमॅट' करू नये, आणि आधी तिची संपूर्ण नक्कल काढावी, हे नियम म्हणूनच पाळावेत.

इ. स. १९८२ मध्ये या जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला, इ. स. १९९३ च्या भूकंपाने उमरगा परिसरातील गावे हादरली, इ. स. २०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. या काळातील टंकलिखित पत्रे, पंचनामे, बोलीतील शब्दांच्या याद्या यांचा शोध उद्याचा अभ्यासक घेईल, तेव्हा त्याच्यापुढे रुमालात बांधलेले दप्तर असणार नाही. एक बंद धातूची पेटी असेल. मोडी वाचणारे विरळ झाल्यावर आपण मोडीचे वर्ग भरविले. जुन्या तबकड्यांची तोंडे ओळखणारे विरळ होण्यापूर्वीच ती विद्या दप्तरशास्त्राच्या अभ्यासक्रमात आली, तर पुढील पिढीची बरीच हळहळ वाचेल.