ऑर्गनच्या आधीचं घर

6 जून 1723. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये प्रवचन संपलं आणि योहान सेबास्टियन बाखच्या 76 क्रमांकाच्या कॅन्टाटाचा (गायन-वादनाच्या चर्चरचनेचा) दुसरा भाग सुरू झाला. त्याच्या आरंभी गायन नाही. ओबो दामोरे हे फुंकवाद्य, व्हायोला दा गांबा हे गजवाद्य आणि साथीचा खर्ज, एवढ्यांवर तो तुकडा उभा आहे: आधी थोडासा संथ आडाजियो, मग लगेच चपळ विवाचे. 1730च्या सुमारास बाखने हाच तुकडा ऑर्गनवर चढवला. ओबोची ओळ उजव्या हाताला, गांबाची डाव्या हाताला आणि खर्ज पायांना. त्याच्या सहा ट्रायो सोनाटांपैकी चौथ्याची सुरुवात ती हीच. थोरल्या मुलाचा, विल्हेल्म फ्रीडमानचा हात तयार व्हावा म्हणून बाखने हे सोनाटा रचले, असं फोर्केलने 1802च्या बाखचरित्रात लिहून ठेवलं आहे.

(ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा नव्हे. हा चर्चची अख्खी भिंत व्यापणारा, शेकडो नळ्यांचा.)

ट्रायो सोनाटाची, म्हणजे दोन वरचे आवाज आणि एक खर्ज, ही घडण बाखच्याही आधीची. कोरेल्लीने 1681 साली रोममध्ये छापलेले सोनाटा याच बांध्याचे आहेत. बाखचं धाडस असं की अनेक वादकांचं काम त्याने एकाच्या अंगावर टाकलं. म्हणूनच रेकॉर्डर आणि हार्प्सिकॉर्ड (तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) यांची जोडी हे सोनाटा वाजवते तेव्हा ‘मूळ रचनेची मोडतोड’ हा आक्षेप मला पटत नाही. निदान हा तुकडा तरी ऑर्गनच्या आधीच्या घरी परततो आहे.

वाटही बाखनेच घालून दिली आहे. त्याचा एक सोनाटा दोन रूपांत सापडतो: एकात दोन बासऱ्या आणि खर्ज, दुसऱ्यात गांबा आणि हार्प्सिकॉर्ड. दुसऱ्या रूपात एका बासरीची ओळ हार्प्सिकॉर्डच्या उजव्या हातात आहे आणि खर्ज डाव्या हातात. आजची जोडी नेमकं हेच करते.

रेकॉर्डर म्हणजे चोचीची लाकडी बासरी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मागे पडली. 1919मध्ये जुन्या वाद्यांचे वादक आणि कारागीर आर्नोल्ड डोल्मेच यांचा जुना, ब्रेसानने घडवलेला रेकॉर्डर लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर हरवला. पिशवी त्यांच्या छोट्या मुलाकडे, कार्लकडे होती. मग वडिलांनी नवा घडवायला घेतला आणि वाद्याचं पुनरुज्जीवन सुरू झालं. पण वाजवायचं काय? बाखने दुसऱ्या आणि चौथ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोत रेकॉर्डर योजला आहे, पण एकट्या रेकॉर्डरसाठी त्याचा एकही सोनाटा आपल्यापर्यंत आलेला नाही. ऑर्गनकडे वळणं ओघानेच आलं.

आणि रेकॉर्डरचं ऑर्गनशी नातंही जवळचं आहे. रेकॉर्डरच्या चोचीत लाकडाचा ठोकळा बसवलेला असतो. त्याच्यावरच्या अरुंद फटीतून हवा निघते, समोरच्या धारेवर आपटते आणि सूर उमटतो. ऑर्गनच्या बासरीसारख्या नळ्याही याच तत्त्वावर बोलतात. दोन्हीकडे हवेचा दाब वाढवला की सूर चढतो, म्हणून फुंकरीने आवाज लहानमोठा करायला वाव थोडा.

अडचणी पुढे येतात. आल्टो रेकॉर्डरचा सर्वांत खालचा सूर एफ. ऑर्गनवर उजवा हात त्याच्याही खाली उतरतो. मग पट्टी तीन अर्धस्वर वर घ्यायची: ई मायनरचा जी मायनर होतो. आडव्या बासरीचं संगीत अठराव्या शतकातले रेकॉर्डरवादक असंच वर उचलून वाजवत. तरीही एखादा सूर निसटलाच तर तेवढा तुकडा सप्तकभर वर घ्यावा लागतो, आणि तोही वाक्याच्या अधेमध्ये नव्हे.

खरी कसोटी श्वासाची. ऑर्गनला दम लागत नाही, त्यामुळे बाखच्या ओळी कित्येकदा कुठेच थांबत नाहीत. वादकाला सूर न तोडता एखादा स्वर किंचित आखडून जागा चोरावी लागते. हार्प्सिकॉर्डचं दुखणं उलटं. पायांनी धरलेला लांब खर्ज ऑर्गनवर हवा तेवढा टिकतो, इथे तार छेडली की तो विरू लागतो. जाणते वादक तो मध्येच पुन्हा छेडतात. वरच्या ओळीत लांब स्वर आला तर त्यावर ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची झटपट आलटापालट) घालतात.