कायद्यातला ‘रंग’

आज आपण एकाच शब्दाचा इतिहास पाहणार आहोत. शब्द साधा आहे: रंग. नोकरी देताना माणसाच्या कातडीचा रंग पाहू नये, हे कायद्यात कधी आलं आणि आज कुठे आहे, एवढाच प्रश्न.

ही गोष्ट अमेरिकेत सुरू झाली असं आपल्याला वाटतं. पण १८३३चा सनदी कायदा काढून बघा. ईस्ट इंडिया कंपनीची सनद वाढवताना ब्रिटिश पार्लमेंटने त्यात कलम ८७ घातलं. केवळ धर्म, जन्मस्थान, कूळ किंवा रंग यांवरून कुणाही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीला अपात्र ठरवायचं नाही, असं ते कलम.

मग झालं काय? १८५५पासून सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा आली, पण ती लंडनला. पहिले हिंदी उमेदवार सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले ते १८६३ साली, म्हणजे कलमानंतर तीस वर्षांनी. नोकरी त्यांनी केली ती आपल्या मुंबई इलाख्यात. १८७८पासून परीक्षेची वयोमर्यादा २१वरून १९वर आणली. एकोणिसाव्या वर्षाच्या आत समुद्र ओलांडून परीक्षेला बसणार किती? रंगाचं नाव काढायची कुणाला गरजच पडली नाही. दादाभाई नौरोजी वर्षानुवर्षं हेच कलम सरकारपुढे धरत राहिले. पण तक्रार ऐकून घेणारी यंत्रणा त्या कलमात नव्हती.

१९३५च्या कायद्यात, कलम २९८मध्ये, ‘रंग’ पुन्हा आला. आणि १९५०च्या आपल्या संविधानात? सरकारी नोकरीविषयीच्या अनुच्छेद १६मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास अशी यादी आहे. ‘जात’ आली, ती यायलाच हवी होती. ‘रंग’ त्यात नाही.

कुणी म्हणेल, वंशात रंग आलाच की! इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना वैशेषिक दर्शन आठवतं. तिथे रूप हा गुण, आणि सामान्य हा अगदी वेगळा पदार्थ. एकाच सामान्यातल्या दोन व्यक्तींचा गुण निराळा असू शकतो.

अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हा फरक राखला. नोकरीविषयीच्या त्याच्या सातव्या प्रकरणात ‘वंश’ आणि ‘रंग’ वेगवेगळे लिहिलेत, आणि तो खाजगी मालकांनाही लागू आहे. तक्रारींसाठी आयोग १९६५मध्ये सुरू झाला. पुढे अटलांटात, आयकर खात्यातल्या एका उजळ वर्णाच्या कृष्णवंशीय बाईंनी तक्रार केली, की सावळ्या वर्णाच्या, पण कृष्णवंशीयच असलेल्या वरिष्ठ बाईंनी रंगावरून आपल्याला काढलं. दोघींचा वंश एक, मग दावा कसला, असा बचाव झाला. १९८९मध्ये न्यायालयाने सांगितलं: वंश एक असला तरी रंगावरून भेदभाव होऊ शकतो, दावा चालेल. पुढे पुराव्यावर त्या बाई हरल्या, पण तत्त्व राहिलं.

आता आपल्याकडे या. दोन सख्ख्या बहिणी. धर्म, जात, कूळ, गाव सगळं एक. एक गोरी, एक सावळी. खाजगी कंपनीत स्वागतकक्षातली नोकरी गोरीला मिळते, सावळीला ‘कळवतो’ म्हणतात. यादीतल्या कुठल्या शब्दाखाली ती तक्रार लिहिणार? सरकारी नोकरीत निदान समान संधीचं सर्वसाधारण वचन आहे. खाजगी कचेरीला अनुच्छेद १६ लागूच होत नाही.

आणि गंमत बघा. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६०मध्ये मान्य केला. त्याच्या व्याख्येत ‘रंग’ आहे. म्हणजे जगापुढे आपण हा शब्द स्वीकारलाय, घरच्या त्या यादीत तो अजून यायचाय.

नुसत्या शब्दाने भागत नाही, हे १८३३ने शिकवलं. पण शब्दच नसेल तर त्या मुलीने अर्जात लिहायचं काय? आज आपण इथे थांबू. याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा.