विंचेस्टर मॉडेल १८७३

विंचेस्टर मॉडेल १८७३ ही अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथील विंचेस्टर रिपीटिंग आर्म्स कंपनीने तयार केलेली लीव्हर-ॲक्शन, म्हणजे तरफेच्या साहाय्याने पुन्हा भरली जाणारी रायफल आहे. १८७३ मध्ये सुरू झालेले तिचे उत्पादन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतरही काही काळ चालू राहिले व या अवधीत ७ लाख २० हजारांहून अधिक रायफली तयार झाल्या. जुन्या शस्त्रांचे संग्राहक आणि हौशी नेमबाज या दोघांतही ती आजतागायत लोकप्रिय आहे.

== पार्श्वभूमी ==
या रायफलीची वंशावळ वॉल्टर हंट या संशोधकापासून सुरू होते. सेफ्टी पिनचा शोधही हंट यांचाच. त्यांनी १८४८-४९ च्या सुमारास लागोपाठ गोळ्या झाडू शकणाऱ्या रायफलीचे पेटंट घेतले. परंतु तिची यंत्रणा नाजूक व गुंतागुंतीची होती. लुईस जेनिंग्ज, होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी त्या कल्पनेत सुधारणा केल्या. पुढे हा व्यवसाय ऑलिव्हर विंचेस्टर यांच्या हाती आला. विंचेस्टर हे मूळचे सदऱ्यांचे कारखानदार होते. त्यांच्या कारखान्यातील बेंजामिन टायलर हेन्री यांना १८६० मध्ये ज्या रायफलीचे पेटंट मिळाले, ती हेन्री रायफल अमेरिकन यादवी युद्धात काही सैनिकांनी स्वखर्चाने विकत घेऊन वापरली. १८६६ च्या मॉडेलमध्ये काडतुसे बाजूच्या झडपेतून भरण्याची सोय झाली. त्याच्या पितळी छटेच्या सांगाड्यामुळे त्याला ‘यलो बॉय’ असे टोपणनाव मिळाले. १८७३ च्या मॉडेलमध्ये हा सांगाडा लोखंडाचा (पुढे पोलादाचा) झाला आणि अधिक जोरकस काडतूस वापरणे शक्य झाले.

== रचना ==
चापाभोवतीचे कडे आणि तरफ हा एकच भाग असतो. तरफ खाली व पुढे ढकलली की बोल्ट मागे सरकतो, रिकामे काडतूस वरून बाहेर फेकले जाते, घोडा चढतो आणि एक लहानसा पितळी ठोकळा नळीखालच्या कोठीतून आलेले नवे काडतूस वर उचलतो. तरफ मिटली की बोल्ट पुढे येऊन ते काडतूस नळीत बसवतो. बोल्ट जागेवर धरून ठेवणारे सांधे माणसाच्या गुडघ्यासारखे असतात: सरळ झाले की ताठ राहतात, मधोमध दुमडले की सैल पडतात. याच रचनेमुळे तरफ हाताला अतिशय मऊ लागते. मात्र मोठा दाब सोसण्याची ताकद तिच्यात नाही. ती उणीव जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या १८८६ व १८९२ च्या मॉडेलांनी उभ्या अडसरांच्या साहाय्याने दूर केली.

मूळ काडतूस .४४-४० या नावाने ओळखले जाते. यातील ४० हा आकडा ४० ग्रेन काळ्या दारूचा निदर्शक आहे. कोल्ट कंपनीने काही वर्षांतच याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्यामुळे कंबरेच्या पट्ट्यात एकाच प्रकारची काडतुसे बाळगून दोन्ही शस्त्रे चालवता येऊ लागली. दुकानापासून चार दिवसांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला ही सोय रायफलीच्या पल्ल्यापेक्षा मोलाची होती.

== ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ ==
हे बिरुद कंपनीच्या जाहिरातींतून आले आणि पुढे इतिहास म्हणून खपले. वस्तुतः अमेरिकी सैन्याचे त्या काळातील प्रमुख शस्त्र एका वेळी एकच गोळी झाडणारी स्प्रिंगफील्ड बंदूक हे होते. जून १८७६ मध्ये माँटाना प्रदेशातील लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर यांच्या तुकडीजवळ याच बंदुका होत्या. १९८३ मध्ये वणव्याने ते रणक्षेत्र उघडे पडल्यावर झालेल्या उत्खननात लाकोटा व शायान योद्ध्यांच्या जागांवर हेन्री आणि विंचेस्टर रायफलींची रिकामी काडतुसे सापडली. ‘पश्चिम’ ज्यांच्याकडून जिंकून घेतली गेली, त्यांच्याही हाती हीच शस्त्रे होती, ही बाब जाहिरातीत अर्थातच आली नाही.

== संग्रह ==
संग्राहकांच्या दृष्टीने एक अतिशय दुर्मीळ प्रकार म्हणजे ‘वन ऑफ वन थाउजंड’. चाचणीत विशेष अचूक ठरलेल्या नळ्या निवडून या रायफली बनवल्या जात व त्यांची किंमत १०० डॉलर असे. अशा सुमारे १३० रायफलीच तयार झाल्या. ‘विंचेस्टर ’७३’ (१९५०) या जेम्स स्टुअर्ट यांच्या चित्रपटाचे कथानक अशाच एका रायफलीभोवती फिरते. प्रदर्शनाच्या वेळी निर्मात्यांनी शिल्लक रायफलींचा जाहीर शोध घेतला आणि घरोघरी विसरलेले काही नग उजेडात आले.

मागणी वाढली तशी बनावटगिरीही वाढली. साध्या रायफलीवर नंतर नक्षी कोरणे, नळी बदलणे, अक्षरे उठवणे हे प्रकार घडतात. यावर मुख्य उपाय म्हणजे कारखान्याच्या नोंदवह्या. वायोमिंगमधील कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात त्या जतन केलेल्या असून, काही खंड वगळता, अनुक्रमांकावरून मूळ नळीचा आकार, चापाचा प्रकार व पाठवणीची तारीख यांचे पत्र मिळू शकते. नवशिके बहुधा जुनी रायफल घासून-पुसून चकचकीत करतात. त्यात मूळ निळसर झिलई कायमची जाते आणि तीबरोबर किंमतही. मूळ झिलई झिजलेली असली तरी ती न पुसणे हेच जाणकार इष्ट मानतात.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली एक मॉडेल १८७३ सापडली. तिचा दस्ता तडकून करडा पडला होता व त्याचे टोक मातीत रुतले होते. अनुक्रमांकावरून ती १८८२ ची ठरली. तिची तपासणी व जतन कोडी येथे झाले. क्ष-किरणांत दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस आढळले. नळीत मात्र एकही नव्हते. ती कोणी विकत घेतली, तेथे कोणी ठेवली आणि तो परत का आला नाही, याचा उलगडा नोंदवह्यांतूनही झाला नाही. तज्ज्ञांनी तिला नवे रूप न देता लाकूड व गंज आहे त्या स्थितीत स्थिर केले.

अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ पर्यंत तयार झालेली शस्त्रे पुरातन गणली जातात. परिणामी एकाच घडणीच्या, वर्षभराच्या फरकाने बनलेल्या दोन रायफलींना वेगवेगळे नियम लागू होतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ मधील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच शस्त्रे ठेवता येतात.

== नेमबाजी ==
‘काउबॉय ॲक्शन’ या स्पर्धाप्रकारात नेमबाज एकोणिसाव्या शतकाच्या धर्तीचा पोशाख करून व टोपणनाव धारण करून पोलादी लक्ष्यांवर नेम धरतात. त्यात दोन रिव्हॉल्व्हर, एक शॉटगन आणि रिव्हॉल्व्हरचेच काडतूस झाडणारी तरफेची रायफल लागते. वेळ मोजली जात असल्याने १८७३ च्या मऊ तरफेला येथे विशेष मान आहे. मूळ रायफली मोलाच्या असल्याने बहुतेक स्पर्धक इटलीतील उबेर्ती किंवा जपानमधील मिरोकू या कारखान्यांच्या प्रतिकृती वापरतात.

मूळ रायफल झाडायची असल्यास काळजी आवश्यक ठरते. १८९२ च्या मजबूत मॉडेलसाठी बनवलेली जास्त वेगाची .४४-४० काडतुसे १८७३ च्या नळीतही बसत. म्हणून ती या मॉडेलमध्ये न वापरण्याची सूचना खोक्यावर छापली जाई. कोठीत काडतुसे एकामागे एक बसतात, म्हणजे एकाची गोळी पुढच्याच्या टोपीला टेकलेली असते. टोकदार गोळी वापरल्यास धक्क्याने पुढचे काडतूस कोठीतच उडू शकते. त्यामुळे या रायफलीत चपट्या टोकाचीच गोळी वापरतात. काळ्या दारूची राख ओलावा शोषून नळी गंजवते. झाडून झाल्यावर त्याच दिवशी नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे लागते.