मॅपमधील किल्ली व मूल्य यांची पडताळणी

मॅपमधील किल्ली व मूल्य यांची पडताळणी म्हणजे मॅप या संग्रहात नवी जोडी दाखल होण्यापूर्वी ती ठरलेल्या अटींत बसते की नाही हे तपासण्याची आज्ञावलीलेखनातील पद्धत होय. मॅपमध्ये प्रत्येक किल्लीशी एकच मूल्य जोडलेले असते. पायथॉन भाषेत या संग्रहास डिक्शनरी म्हणतात.

किल्लीची पडताळणी

आधीच असलेल्या किल्लीवर नवे मूल्य ठेवल्यास बहुतेक भाषांत जुने मूल्य कोणतीही सूचना न देता पुसले जाते. महाराष्ट्रातील तालुक्यांची माहिती केवळ तालुक्याच्या नावाने साठविल्यास हा दोष लगेच उद्भवतो. कळंब नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे, तसाच यवतमाळ जिल्ह्यातही आहे. दुसऱ्याची नोंद होताच पहिल्याची नाहीशी होते. बेरीज चुकते, पण आज्ञावली थांबत नाही. किल्लीत जिल्हा व तालुका दोन्ही घेतल्यास हा प्रश्न सुटतो. मात्र २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाल्यामुळे जुन्या-नव्या नोंदी एकत्र करताना उलट अडचण येते: एकाच तालुक्याच्या दोन किल्ल्या तयार होतात. त्यामुळे नावे आधी एका प्रमाण रूपात आणावी लागतात, किंवा नावाऐवजी स्थिर संकेतांक वापरावा लागतो.

देवनागरीत आणखी एक खाच आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता मिळून लिहिता येते. दिसायला दोन्ही सारखी असली, तरी संगणकास त्या भिन्न किल्ल्या वाटतात.

मूल्याची पडताळणी

तुळजापूरचा पिनकोड ४१३६०१ आहे. मूल्य सहा अंकी असावे एवढीच अट पुरेशी नसते. पायथॉनची अंकतपासणी देवनागरी अंकही ग्राह्य धरते, परंतु मजकूर म्हणून ते रोमन अंकांशी जुळत नाहीत.

तपासणीची जागा

जावामध्ये २००४ पासून जेनेरिक्समुळे प्रकारांची तपासणी संकलनाच्या वेळीच होते. आज्ञावली चालू असताना तीच तपासणी चेक्डमॅप हे वेष्टन करते. ‘पुटइफअॅबसेंट’ ही क्रिया आधीचे मूल्य पुसत नाही. मात्र या सुविधा प्रकार किंवा पुनरावृत्तीपुरत्याच असून मूल्य अर्थपूर्ण आहे का, हे त्या पाहत नाहीत.

पायथॉनमध्ये डिक्शनरीपासून नवा वर्ग बनवून त्याच्या ‘सेटआयटेम’ पद्धतीत अटी घालण्याचा मार्ग सोपा वाटतो, पण तो अपुरा आहे. ‘अपडेट’ने किंवा निर्मितीच्या वेळी दिलेल्या जोड्या त्या पद्धतीतून जातच नाहीत. यूजरडिक्ट या वर्गावर आधारित रचनेत या वाटाही तपासणीतून जातात.