तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतून पाणी येणे : कारणे, घरची काळजी आणि धोक्याच्या खुणा

जन्मानंतर दोन-चार आठवड्यांत काही बाळांचा एक डोळा, क्वचित दोन्ही डोळे, सतत ओले दिसू लागतात. बाळ रडत नसतानाही गालावर ओघळ येतो, झोपेतून उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असतात आणि कोपऱ्यात पिवळसर चिपड साचते. प्रथमच आई-बाबा झालेल्यांना याचा घोर लागतो. बहुतेक वेळा कारण साधे असते आणि वर्षभरात त्रास आपोआप थांबतो. मात्र क्वचित असाच पाणावलेला डोळा दृष्टी हिरावून घेणाऱ्या आजाराची पहिली खूण ठरतो. म्हणून वाट केव्हा पाहावी आणि केव्हा पाहू नये, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

पाणी का येते?

डोळ्यात तयार होणारे अश्रू नाकाजवळच्या कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रुपिशवीत आणि तेथून अश्रुवाहिनीवाटे नाकात उतरतात. गर्भावस्थेत या वाहिनीच्या खालच्या तोंडाशी पातळ पडदा असतो. तो जन्माच्या सुमारास उघडला नाही, तर अश्रू तुंबून गालावर येतात. या स्थितीत बुबुळ स्वच्छ आणि डोळ्याचा पांढरा भाग पांढराच असतो. अशा दहापैकी सुमारे नऊ बाळांची वाहिनी पहिल्या वर्षाच्या आत मोकळी होते.

घरी काय करावे?

नखे कापून, हात साबणाने धुऊन मगच डोळ्याला हात लावावा. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळा नाकाकडून कानाकडे पुसावा. प्रत्येक वेळी नवा कापूस घ्यावा आणि एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला लावू नये.

वाहिनी मोकळी होण्यासाठी मालिश उपयोगी पडते. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ क्रिगलर यांनी १९२३ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते. डोळा आणि नाक यांच्या मधल्या कोपऱ्यावर बोटाचे टोक ठेवून हलक्या पण ठाम दाबाने नाकाच्या कडेने खाली आणावे. असे पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन-चारदा करावे. गोल गोल चोळण्याचा उपयोग नाही. दाब खालच्या दिशेनेच हवा. पहिल्यांदा डॉक्टरांकडून ही कृती पाहून घ्यावी.

काय टाळावे?

काजळ किंवा सुरमा घालू नये. काही सुरम्यांत शिसे आढळते, शिवाय बोटावाटे जंतूही डोळ्यात जातात. एरंडेल, मध किंवा गुलाबपाणी घालणेही टाळावे. आईचे दूध बाळाचे सर्वोत्तम अन्न आहे. डोळ्याचे औषध म्हणून मात्र त्यावर विसंबू नये. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले थेंब अधिक धोक्याचे ठरू शकतात. त्यांत स्टेरॉइड असल्यास दीर्घ वापराने काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. प्रतिजैविक थेंब जंतुसंसर्गावर काम करतात. बंद वाहिनी ते उघडत नाहीत.

थांबू नये अशा खुणा

पहिल्या महिन्यात डोळा लाल होऊन पापण्या सुजल्या आणि दाट पू येऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्रसूतीच्या वेळी लागण होणाऱ्या अशा संसर्गाने पूर्वी अनेक अर्भकांची दृष्टी गेली. जर्मन प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी १८८१ मध्ये सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांचा प्रतिबंधक उपाय प्रसिद्ध केला, तो याच संसर्गासाठी.

बाळ उजेड सहन न होऊन डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ मोठे वा धुरकट दिसत असेल आणि पाणी येत असेल, तर जन्मजात काचबिंदूची शंका घ्यावी. येथे प्रत्येक आठवडा मोलाचा असतो. नाकाजवळ लाल, दुखरी गाठ आली वा जन्मतः निळसर फुगवटा दिसला, तर मालिश न करता तातडीने डॉक्टरांना दाखवावे. बाहुलीत पांढरी झाक दिसणे हीदेखील तातडीच्या तपासणीची खूण आहे.

सुरतेतील कुटुंबांचा प्रश्न

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत कापडउद्योगाच्या निमित्ताने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे प्रसूती धुळे, नंदुरबार वा जळगावकडे होते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बाळ आईबरोबर सुरतेला येते. डोळ्याची तक्रार नेमकी याच काळात सुरू होते. ‘काही दिवस पाहू’ असा सल्ला एका राज्यात मिळतो आणि पुढची तपासणी दुसऱ्या राज्यात करावी लागते. मधल्या काळात ती राहूनच जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रसूतीची कागदपत्रे, दिलेल्या औषधांची नावे आणि पाणी येऊ लागल्याची तारीख सोबत ठेवावी. सुरतेत नवे सिव्हिल रुग्णालय आणि महानगरपालिकेचे स्मीमेर ही वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न सार्वजनिक रुग्णालये आहेत. माहेरी बाळंतपण करून परतणाऱ्या गोव्यातील मातांनीही हीच दक्षता घ्यावी. येथे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय उपलब्ध आहे.

वर्षानंतरही पाणी थांबले नाही तर

पहिल्या वाढदिवसानंतरही डोळा पाणावत असल्यास नेत्रतज्ज्ञ बारीक सळई घालून वाहिनी मोकळी करतात. बाळाला थोडा वेळ भूल देऊन केली जाणारी ही प्रक्रिया काही मिनिटांची असते आणि बहुतेक मुलांना एकदाच पुरते. तोपर्यंत मालिश व स्वच्छता नेमाने सुरू ठेवावी आणि वरीलपैकी एकही खूण दिसल्यास ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.